अंगठा जुळत नाही

बाइंडिंगखान्याच्या घड्याळात साडेतीन वाजले आणि सुपरवायझरने खळकाकूंचा फोन मागितला. पुस्तकांच्या पाठीला खळ लावतात म्हणून खळकाकू. त्यांच्या फोनमध्ये भिंतीवरच्या त्याच घड्याळाचे चौदा फोटो होते, शेजारी मनगटी घड्याळ धरून काढलेले. सुपरवायझर रोज जेवणानंतर भिंतीवरचा काटा वीस मिनिटं मागे सरकवायचा, सुटीनंतर पुन्हा जागेवर आणायचा. तेवढंच जास्तीचं काम. शिवाय फोनमध्ये मालकीणबाईंना द्यायचं पत्र होतं आणि अकरा जणांची नावं.

फोटो गेले असते तर पुन्हा काढता आले असते. नावं दिसली असती तर अकरा घरं बसली असती.

फोटोंची खबर पोचवली होती कटाईयंत्रावरच्या माणसाने. सुपरवायझरचा मेहुणा.

"काकू, अंगठा लावा. नाहीतर उद्यापासून घरी बसा."

"लावते की. एवढी पाठ होऊ द्या." काकूंनी हातातल्या पुस्तकाची पाठ पुरी केली. अंगठ्यानेच.

अंगठा, एक.

जुळत नाही, असं फोन म्हणाला.

"पुसा तो."

काकूंनी ॲप्रनला पुसला. ॲप्रनमध्ये कापड कमी, खळ जास्त.

दोन. जुळत नाही.

"धुऊन या."

"नळाला पाणी पाचला येतं. आपल्या पाचला की खऱ्या पाचला, ते तुम्हीच सांगा."

शिलाईच्या टेबलावर कुणालातरी खोकला आला.

तीन. आता सुपरवायझरने स्वतः काकूंचा अंगठा धरून दाबला.

चार. जरा जोरात.

पाच. काकूंच्या अंगठ्याला त्याचाच अंगठा चिकटला, सोडवताना तोच फोनवर टेकला.

फोन म्हणाला: आता पिन.

"पिन सांगा."

"अंगठा तुम्ही धरलात, ठीक आहे. आकडा डोक्यात आहे. तो कुठून धरणार?"

मालकीणबाई चारला यायच्या होत्या. भिंतीवर तीन चाळीसच झाले होते, म्हणून सुपरवायझर निवांत होता.

त्या आल्या, खऱ्या चारला.

"काय चाललंय?"

"फोन तपासतोय बाई. कामाच्या वेळात घड्याळाचे फोटो काढतात."

"कुठल्या घड्याळाचे?"

बोलून गेल्यावर सुपरवायझरला कळलं. बाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे, मग बराच वेळ त्याच्याकडे.

"काकू, आणखी कुणाची तक्रार आहे?"

"माझी आहे. बाकीची नावं फोनमध्ये आहेत, आणि तुम्ही बघताच आहात, तो काही उघडत नाही."

मग शिलाईच्या टेबलावरून एक हात वर आला. पुठ्ठ्यांच्या ढिगामागून दोन. मोजणीकडून तीन एकदम, मग उरलेले चार. काकूंनी मनातल्या मनात मोजले, आपल्यासकट. अकरा.

कटाईयंत्राकडून बारावा.

सुपरवायझर वळला. "तू?"

"दाजी, रागावू नका," मेहुणा म्हणाला. "पण तुम्हाला रोज घरी यायला उशीर झाला की ताई मलाच बोलते."