फळीची खंडेनवमी

माणसाने आधी चाक शोधलं, मग वीज, आणि पुढचं पाऊल बोईसर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पडलं, असं इंजिनिअर रूपालीचं प्रामाणिक मत होतं. खंडेनवमीच्या सकाळी त्या पावलावर पान्हे, पक्कड आणि करवती मांडून झेंडू वाहिला होता.

ते पाऊल म्हणजे एक काळी फळी. ती फळीही होती आणि बॅटरीही. गाडीचा तळच तिचा केला, की तो वजनही पेलणार आणि वीजही साठवणार. हे बघायला वापीहून ई-रिक्षा बांधणारे भावेशभाई येणार होते. त्यांच्यासमोर फळीच्या विजेवर दिवा लागला नाही, तर शेडचे मालक प्रयोग गुंडाळणार होते.

"खंडेराव, बॅटरीवर पूजा मांडलीत?"

"तुमीच म्हणाला न्हवं, लई भक्कम फळी हाय?" फोरमन खंडेराव म्हणाले.

"फळी आहेच. पण बॅटरीसुद्धा आहे."

रांगोळी काढणारी कामगार ठमी थांबली. "मंग आमी काय करू, बाय? फळी असंल तर तिच्यावर पूजा. यंत्र असंल तर तिचीच पूजा. एक काय ते सांग."

"दोन्ही," रूपाली म्हणाली. तडजोड म्हणून अवजारं उतरवून फळीला कुंकू लावलं. नारळ मात्र सवयीने तिच्यावरच फुटला. फळीवर ओरखडाही उठला नाही.

तेवढ्यात भावेशभाई आले आणि घाम पुसत समोर दिसलं त्यावर बसले.

"बॅटरी किधर है, बहेन?"

"तुम्ही बसलाय तीच."

भावेशभाई ताडकन उठले. "करंट?"

"नाही लागत. बसा ना."

"बैठना है के देखना है?"

रूपालीने वायर जोडली. दिवा लागला नाही.

"नारळाचं पाणी गेलं आत!" तिने ओढणीने फळी पुसली, फुंकर मारली, पुन्हा जोडली. दिवा ढिम्म. "रात्रभर चार्जिंगला लावली होती मी!"

"त्यो चार्जर व्हय?" खंडेराव म्हणाले. "काल सांजच्यालाच बंद केला. खंडेनवमीला यंत्र चालवत न्हाईत, मॅडम."

कोपऱ्यात चार्जर हार घालून विश्रांती घेत होता.

रूपाली चार्जरचा हार उतरवायला धावली. भावेशभाई खोबरं चावत फळीवर चढले, दोनदा नाचले, मग त्यांनी खाली वाकून बघितलं.

"चीज मजबूत है," ते म्हणाले.

दसऱ्यानंतर त्यांची ऑर्डर आली. रिक्षाच्या सीटखाली घालायच्या फळ्यांची. वायर नको, असं त्यांनी फोन करूनही सांगितलं.