नागसेन सरांचं तिसरं कारण

केशवरावांनी नागसेन सरांना आत बोलावलं तेव्हा टेबलावर दोन कागद होते. एक यंदा नोकरीला लागलेल्या मुलांची यादी, आणि दुसरा सरांच्या तासाचं हजेरीपत्रक.

केशवराव अमरावतीत आधी फुलांचा व्यापार करत, मग त्यांनी स्पर्धा परीक्षांचा क्लास काढला. दरवर्षी निकाल लागला की पास झालेल्यांचे फोटो छापलेला फ्लेक्स चौकात लागे. यंदा प्रत्येक फोटोखाली ‘आमचा नियमित विद्यार्थी’ असं छापायचं त्यांच्या मनात आलं. खोटं नको, म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हजेरी तपासली आणि तिथेच घोटाळा झाला.

“सर, हे नऊ पोट्टे लागले नोकरीले. नऊच्या नऊ दिवाळीनंतर तुमच्या तासाले फिरकलेच नाहीत. अन् जे सत्तावीस रोज येऊन बसले, त्यातला एकबी लागला नाही. हे काय होऊन राह्यलं?”

नागसेन सरांना जरा बरंच वाटलं. गेली चौदा वर्षं ते तर्कशक्तीच्या तासाला हेच तर समजावत होते. चिखलदऱ्यात ज्या रविवारी भजी जास्त खपतात, त्याच रविवारी घाटात गाड्याही जास्त ठोकल्या जातात. म्हणून भजी बंद करायची का? मुलं म्हणत, करायची. मग सर खुर्चीत बसून, थोडा दम घेऊन, रविवारची गर्दी हे तिसरं कारण पुन्हा पहिल्यापासून सांगत. तेच त्यांनी आता केशवरावांना सांगितलं. दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नाही. हुशार मुलांना दिवाळीपर्यंतच सगळं आलं असेल, म्हणून ती येईनाशी झाली असतील.

असेलही, असं केशवराव म्हणाले. पण ज्या टोपलीतली फुलं कोमेजतात ती टोपली आपण बदलतो, तिची बाजू ऐकत बसत नाही. जूनच्या नव्या बॅचचं वेळापत्रक सोमवारी ठरणार होतं. तोवर ते तिसरं कारण शोधून आणा, नाहीतर दुसरे सर बघावे लागतील, एवढं बोलून त्यांनी हजेरीपत्रक मिटलं.

सेहेचाळिसाव्या वर्षी आपल्याला दुसरीकडे कोण घेणार, या प्रश्नाचं उत्तर सरांना फारसा तर्क न लावताही येत होतं. घरी येऊन त्यांनी वहीत अकरा संभाव्य कारणं लिहिली. त्यांच्या बायकोने, ज्योत्स्नाने, ती वाचली आणि म्हटलं, “अहो, त्या पोराइलेच फोन करून इचारा ना.”

चौदा वर्षं कारणं शोधणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं.

त्या नऊ जणांपैकी पहिला अश्विन म्हणाला, आई आजारी होती. सागरने अभ्यासिकेची वेळ बदलल्याचं सांगितलं. सर वहीत टिपत गेले, त्यांचा चेहरा उजळत गेला. मग पौर्णिमाला फोन लागला. ती आता अकोल्यात सरकारी कचेरीत होती आणि तिला खोटं बोलायला जमत नसे.

“सर, आमी सारे ठरवूनच येनं बंद केलं.”

“काहून?”

“तुमी लय चांगलं शिकवता. पन तुमच्या तासाले बसलं का कोन्त्याच उत्तरावर भरोसा राहत नाही. चार पर्याय समोर असले तरी मी पाचवा शोधत बसायची. पेपरात एका प्रश्नाले एक मिनिट भेटते, मले सात लागत. तास सोडला अन् पंधरा दिवसात मिनिटावर आली.”

सरांनी तिचे आभार मानले, तब्येत सांभाळायला सांगितलं आणि फोन ठेवला. काय म्हणाली, असं ज्योत्स्नाने विचारलं.

“तिसरं कारण नाहीच,” सर म्हणाले. “मीच आहो.”

त्यांना फार वाईट वाटलं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

सोमवारी फक्त अश्विन आणि सागरची कारणं सांगायची, असं त्यांनी वाटेत चारदा ठरवलं. पण अर्धाच पुरावा मांडणाऱ्या मुलाला त्यांनी स्वतः कितीदा उभं केलं होतं. त्यांनी पौर्णिमाचं बोलणं शब्दन् शब्द सांगून टाकलं आणि जायला उठले.

“बसा, बसा,” केशवराव म्हणाले. “म्हंजे पक्कं? तुमच्यामुळंच पोट्टे नापास होतात?”

“पक्कं.”

केशवरावांनी उठून दार लावलं. समोरच्या गल्लीतल्या क्लासचे यंदा एकतीस लागले होते, आणि त्यांना जूनपासून तर्कशक्तीला सर हवे होते.

“मी त्याइले तुमचं नाव सांगतो. लय मेहनती मानूस हाय म्हन्तो, खोटं बी नाही ते.” मग त्यांनी सरांचा हात हातात घेतला. “फक्त मन लावून शिकवा, सर. एकबी तास बुडवू नका.”

चौदा वर्षांत त्यांनी सरांच्या शिकवण्यावर एवढा विश्वास कधीच दाखवला नव्हता.