रिदमचा थंड पिकअप

आमच्या शेजारचे प्रल्हादनाना कुकरची शिट्टी होण्याआधी गॅलरीत येऊन माफी मागतात. "भाऊ, डाळ लावेल शे. तीन शिट्ट्या व्हतीन. सांभाळी ल्या." मग आत जाऊन त्या कुकरशेजारी असे उभे राहतात, जशी काही शिट्टी तेच मारणार आहेत. एकटा जीव, पण फाटक लावतानासुद्धा आवाज होऊ देत नाहीत.

असा माणूस पोटासाठी काय करत असेल? पिंप्राळ्यात इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करतो! वरातीत गाडीवर भोंगे बांधून रस्ता हादरवणाऱ्या बॅन्जो पार्ट्या पार धुळ्याहून नानांकडे येतात, त्या पिकअपसाठी. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेढे. वेढे वाढले की आवाज दांडगा होतो. तसल्या पिकअपला नाना 'गरम' म्हणतात. गिटारला पिकअप दोन. एक लीडचा, पुढे होऊन चाल वाजवायला. दुसरा रिदमचा, मागे राहून साथ करायला.

"लीडले गरम, रिदमले थंड. बठ्ठी दुनिया याच्यावर चालस," हे नानांचं तत्त्वज्ञान. माणसंही ते याच मापाने मोजतात. माझ्या बायकोला पहिल्याच भेटीत त्यांनी लीड ठरवलं. मला विचारायची गरजच पडली नाही.

एकदा एका पार्टीचा मालक आला. "नाना, दोन्ही गरमच टाका. समोरची पार्टी गार झाली पाहिजे!"

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "लीडले टाकसू. रिदमले नही. रिदमवाला वर गया का गानारानं तोंड बंद व्हस."

मालक तणतणत निघून गेला. नाना दिवसभर खजील होऊन बसले. गिऱ्हाईक गेल्याचं दुःख नव्हतं, त्याने जाताना दार आपटलं आणि आम्हाला त्रास झाला, याची लाज!

त्यांच्या स्वतःच्या गिटारची तर कथाच निराळी. तिच्यात लीडचा पिकअप भलताच गरम, पण कोणता पिकअप वाजवायचा ते ठरवणारा खटका कायम रिदमकडे, आणि तो हलू नये म्हणून वर काळी चिकटपट्टी. श्रावणात कानबाई, म्हणजे आमच्याकडचा देवीचा सण, जवळ आली की नाना रिदमचा पिकअप काढतात, चष्मा नाकावर ओढून त्याचे थोडे वेढे उलगडतात आणि पुन्हा बसवतात. दरवर्षी आणखी थंड. आता त्या गिटारपेक्षा आमच्या घरची माशी बरी ऐकू येते.

यंदा त्यांनी मला कानबाईला पिंपळनेरला, त्यांच्या आईकडे, सोबत चलायचा आग्रह केला. एसटीत गिटारने जागा अडवली म्हणून कंडक्टरची दोनदा माफी मागून झाली. धुळं मागे पडल्यावर नाना खिडकीबाहेर बघत बोलायला लागले.

पूर्वी विसर्जनाच्या मिरवणुकीत कानबाईची गाणी त्यांची माय सांगायची, बाकीच्या बाया मागून म्हणायच्या. एका वर्षी तरण्या प्रल्हादने रिदमलाही गरम पिकअप बसवला आणि बेभान होऊन वाजवला. भानावर येऊन बघतो तर माय गप्प. त्यानंतर मिरवणुकीत ती कधी गायलीच नाही.

"मायना गळा मी दाबा, भाऊ," नाना म्हणाले. "तोंड दखाडाले लाज वाटस. दर साले वेढा कमी करस. वाटस, यंदा तरी माय गाई."

सोमवारी कानबाई विसर्जनाला निघाली. पुढे डोक्यावर कानबाई घेतलेली बाई, मागे गाडीवर पॅड, बॅन्जो आणि अगदी कोपऱ्यात नाना. खाली गाडीला धरून माय चालत होती. वाकलेली, कानाने अधू, ओठ मिटलेले. नाना तारांना जेमतेम बोटं लावत होते. त्यांच्याकडे बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पांझरा नदीचा उतार लागला तेव्हा मायने हात वर करून गाडी थांबवली.

"परल्हाद, तू वाजाडस का नुसता बठेल शे?"

नानांची मान खाली. "वाजाडस ना, माय. धीरे वाजाडस. तू गावं म्हनीसन."

"मी कसावर गाऊ? मले काहीच ऐकू येस नही!" माय उखडली. "त्या साले तुन्हं वाजाडनं ऐकाकरता मी गानं थांबाडं. इतलं गोड वाजाडत व्हता तू. मंग पुढला सालपाईन तू वाजाडनंच बंद करी टाकं!"

इतक्या वर्षांची लाज कुठे ठेवावी हेच नानांना कळेना. मग नखाने त्यांनी चिकटपट्टी ओढून काढली आणि खटका लीडच्या गरम पिकअपकडे टाकला.

पहिल्या फटक्याला भोंगे असे दणाणले की रस्त्यावरची कुत्री पळाली. मायने स्पीकरवर तळहात टेकवला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. तिचा एक शब्दही कुणाला ऐकू आला नाही. नाना तिच्या हलणाऱ्या ओठांवर नजर ठेवून साथ करत होते आणि लहान मुलासारखे रडत होते.

आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. नानांच्या कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. नाना काही बाहेर आले नाहीत.