अहो, दूध बघा!

शंभूने ठरवलं ते एवढंच, की चित्रं आपण काढायची आणि संवाद बायकोने, तनुजाने सांगायचे. यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. पण शंभू स्वारगेटजवळ दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि त्या धंद्याचा नियम त्याच्या अंगात मुरला होता: सांगतील ते जसंच्या तसं लिहायचं, डोकं चालवायचं नाही. (नववीत शाळा सोडल्यापासून हे त्याला जमतंच, असं त्याचा मेहुणा संपत म्हणे.)

कॉमिकचं नाव 'वीर रणधुरंधर'. दर रविवारी इंटरनेटवर टाकायचं. वाचक दोन: सासूबाई आणि संपत. त्यातल्या संपतने शेवटी बजावलं, "दाजी, या रविवारी कुणी हसलं नाही, तर सोमवारपासून माझ्या टाइल्सच्या गोडाऊनवर. ब्रश बंद!"

रविवार उजाडला. शंभू बाहेरच्या खोलीत कागद घेऊन बसला आणि तनुजा स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ओरडून सांगू लागली.

"लिहा! थांब, नीच राक्षसा!"

"लिहिलं."

"आज तुझा शेवट जवळ आलाय!"

"लिहिलं. पुढे?"

"अहो, दूध बघा!"

शंभू थबकला. राक्षसाला एकदम अहो? पण मरणाऱ्याला मान द्यावा, असा काही खोल विचार असेल, म्हणून त्याने तेही लिहिलं.

"बघताय ना? माझे दोन्ही हात कणकेत आहेत!"

हे राक्षसाचं उत्तर, हे मात्र त्याने स्वतः ओळखलं. (डोकं चालवलं ते नेमकं इथे.) राक्षसापुढे त्याने मन लावून परातही काढली.

दूध उतू गेलं. गॅस पुसून तनुजा बाहेर आली, तोवर भाग टाकूनही झाला होता. तिने तो पाहिला आणि कपाळाला हात लावला, कणकेसकट.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

शंभूने लगबगीने ब्रश उचलला. "हे कोण म्हणतंय? रणधुरंधर की राक्षस?"

सासूबाईंनी तो भाग नात्यागोत्यात सगळ्यांना पाठवला, आणि संध्याकाळपर्यंत मोबाइल थांबेना. 'शत्रूलाही अहो! वीर असावा तर असा,' एकाने लिहिलं. 'राक्षस कणीक मळतो. आमच्याकडे पाण्याचा पेलाही हातात द्यावा लागतो,' कुणा बाईंनी लिहिलं. रात्री संपतचा फोन आला. "दाजी, उद्या येऊ नका. गोडाऊनवर सगळे हसतायत, तुम्ही आलात तर काम बंद पडेल."

पुढे दर रविवारी वाचक वाढतच गेले आणि आज त्या सुरुवातीच्या भागांचं पुस्तक निघालं. सभागृह गच्च भरलेलं. सूत्रसंचालन करणारी शेफाली म्हणाली, "शंभू सर, त्या दिवसांबद्दल बोला ना!"

सर म्हटल्यावर शंभूने आधी मागे वळून पाहिलं. चार माणसांत त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून इथेही तीच वाटणी ठरली होती: पहिल्या रांगेतून तनुजाने सांगायचं, आपण बोलायचं.

"मंडळी, नमस्कार," तनुजा कुजबुजली.

"मंडळी, नमस्कार!"

"हे सगळं आम्हा दोघांचं."

"हे सगळं आम्हा दोघांचं!" टाळ्या पडल्या. शंभूची छाती फुगली, पोटही. तेवढ्यात फोटोग्राफर पुढे सरसावला, तशी तनुजा घाईने कुजबुजली.

"अहो, पोट आत घ्या!"

"अहो, पोट आत घ्या!" शंभू माइकमध्ये गरजला.

प्रमुख पाहुण्यांनी दचकून पोट आत घेतलं. संपतने घेतलं. पार शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी घेतलं. फ्लॅश चमकला आणि मग सभागृह असं काही हसलं, की लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

फोटो झकास आलाय. त्यात पोट सुटलेला माणूस एकच दिसतो. तो माइकसमोर उभा आहे.