शिलाई मशिनचा माग

गुपित कसं ठेवावं, ते माझ्याकडनं शिकावं! असं मी सगळ्या वरकुटे गावात सांगत फिरायचो. आता न्हाय सांगत.

त्याचं असं झालं. लग्नाला पंचवीस वर्षं व्हायला आलती. मनिषानं, म्हंजे आमच्या मंडळींनी, पहिल्याच वर्षी शिलाई मशिन मागितलं होतं. मी म्हणालो, "बघू." ते 'बघू' चोवीस वर्षं चाललं! यंदा टोमॅटोनं हात दिला. ठरवलं, गुपचूप मागवायचं आन् लग्नाच्या वाढदिवशी दारात उभं करायचं. गोठ्यामागं बसून मोबाईलवर धा मशिनं बघितली, एक मागवलं.

पण तिचा मोबाईल पाण्याच्या टाकीत पडल्याला, त्यामुळं दोघांत माझाच एक. सकाळी तिनं हवामान उघडलं, तर मशिन! बाजारभाव उघडला, तितंबी मशिन!

"अवो, हे सारखं काय दिसतंय?"

"जाहिरात गं! सगळ्यांनाच दिसती!"

माझे वडील आबाजी, जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. त्यांना हळूच सांगितलं. ते म्हणाले, "तुझा माग लागलाय. आमी चोराला चकवायला कळप चारी दिशेला फिरवायचो. खरा माग कुठला, त्याला कळायचंच न्हाय!"

काय डोकं म्हाताऱ्याचं! मी लगेच नवरदेवाची शेरवानी शोधली. केसांचा कलप शोधला. मंगल कार्यालय शोधलं. सुचंना, तवा पाळणा शोधला.

दुसऱ्या दिवशी मनिषा टोमॅटोचा भाव बघत होती. वर शेरवानी, खाली कलप, मधी पाळणा हलतोय!

"कोण हाय ती?"

"कोण ती?"

"कलप लावून कुणाला आणताय? आन् पाळणाबी आत्ताच?"

"अगं, आबांनी सांगितलं म्हणून..."

"आबांनी जमवलं?"

आबा मदतीला धावले. "सूनबाई, मी निस्तं म्हणलं, चारी दिशेला फिरव!"

"चार ठिकाणी?"

झालं! पिशवी भरली, कोंबून कोंबून चेन तुटली. पळसदेवला माहेरी निघाली बाई. मशिनचं सांगावं तर गुपित फुटतंय, न सांगावं तर संसार!

तेवढ्यात आमची निकिता आली. पोरगी बारामतीला कॉम्प्युटर शिकती. तिला मागच्या दारी नेऊन सगळं सांगितलं. पोट धरून हसली कार्टी! आईला म्हणाली, "आई, ते सगळं खोटं होतं. वाढदिवसापातूर थांब, कारण कळंल." मनिषा थांबली, पण पिशवी दारातच ठेवली.

"पप्पा, जाहिरातवाल्यांची माणसं एका साईटवर न्हाय, शंभर साईटींवर बसल्याली असत्यात. एका ठिकाणी ब्राउझरला खूणचिठ्ठी चिकटवायची, दुसऱ्या ठिकाणी वळखायची. तिलाच कुकी म्हणत्यात."

तिनं जुन्या चिठ्ठ्या पुसल्या. ब्राउझरच्या सेटिंगमधी माग काढण्यापासनं संरक्षण 'कडक' केलं. मग बाजारभाव उघडला. शेरवानी न्हाय, पाळणा न्हाय! कोपऱ्यात एक बारकी ढाल, तिच्यावर आकडा: सतरा जण अडवले.

"माझ्या टोमॅटोचा भाव बघायला सतरा जण?" मी ओरडलोच.

आबांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला. "सतरा लांडगं, आन् ह्यो एकटा राखतोय? भुकत न्हाय, भाकर मागत न्हाय! असलं एक कुत्रं मिळालं असतं, तर जन्मात माझं कोकरू गेलं नसतं."

मला तर भरून आलं. आता गुपित पक्कं!

वाढदिवस उजाडला. मशिन घेऊन आलेल्या माणसाला घर सापडंना. त्यानं एसटी थांब्यापासनं एकेकाला विचारलं, "शिलाई मशिन मागवल्याले दीपकराव कुठं राहत्यात?"

टेम्पो दारात आला, तवा त्याच्यापुढं आमच्या आळीतली रंगूबाई चालत होती, काखेत ब्लाउजचं कापड! मागं अर्धी आळी.

मनिषा उंबऱ्यात हळदीकुंकू घेऊन आधीच उभी. डोळं भरल्यालं.

"बघितलंत व्हय शेवटी?" एवढंच म्हणाली, आन् पिशवी उचलून आत नेली.

मी निकिताकडं वळलो. "सतरा जण अडवले म्हणालीस. मग ह्यो घोटाळा कसा झाला?"

"पप्पा," ती म्हणाली, "गावाला सेटिंग नसतंय!"