तीन टाळ्यांची फितुरी

श्री. चेंडूस गोलाई आणि मनुष्यास आशा ज्याने दिधली त्यास प्रथम नमन करोन, आणि रेफ्रीच्या शिट्टीस दुरून दंडवत घालोन, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिल्यास पलीकडील पेठेचे लोक हा कागद चौकात जाळतील आणि न लिहिल्यास केवळ हसतील, त्यांत हसणे पत्करिले. राज्य म्हणजे एक पेठ, तीस गल्ल्या, एक तालीम आणि जांभळे निशाण. फौज अकरा असामींची, सात राखीव. गनीम म्हणजे तळ्यापलीकडील पेठ, त्यांचे निशाण आकाशी. उभय राज्यांत सोयरिकी होत, एकमेकांचे मयतास खांदा देत, परंतु मैदानी फुटबॉलाचा चेंडू पडला म्हणजे सख्खे मेहुणेही ओळख विसरत.

त्या राज्यात हिंदुराव जरग नामे एक शिंपी राहात. वय अठ्ठावन्न, दुकान तालमीसमोर. बेचाळीस वर्षांत फौजेचा एकही सामना त्यांनी चुकविला नाही. स्वतःचे लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा आणि सामना चारचा, तेव्हा अक्षता पडताच नवरी सुगंधाबाई यांस मांडवी बसवून खासे मैदानी गेले आणि हळदीचे अंगाने गॅलरीत उभे राहिले. त्या दिवशी फौज जिंकली, म्हणोन सुगंधाबाईंनी क्षमा केली, ऐसे हिंदुराव सांगतात. सुगंधाबाई सांगतात की क्षमा अद्याप केलेली नाही.

त्या समयी गोलाचे दरवाजाचा किल्लेदार अकबर मुल्ला होता. दिवसा कारखान्यात लेथ चालवी आणि सायंकाळी किल्ला राखी, ऐसे पंधरा वर्षे चालिले होते. अंगाने बुटका, बोलण्यास थोडका, परंतु उडी मारी तेव्हा मांजर शरमावे. मग मार्गशीर्षमासी मोसमाचे तोंडावर तालमीत मसलत बसली आणि मुख्य कारभारी उत्तमराव सरनाईक, जे ट्रॅक्टरचे सुटे भाग विकीत आणि नित्य लॅपटॉप बाळगीत, त्यांनी फर्माविले की अकबर आता चौतिशीचा जाहला, त्यास शाल-नारळ देऊन निरोप द्यावा आणि समुद्रकाठचे मुलखातून आग्नेल फुर्ताद नामे सहा फूट चार इंचांचा किल्लेदार आणावा. हे वर्तमान हिंदुरावांस कळताच ते कोणाचे पॅण्टची शिलाई अर्धी टाकून, गळ्यात टेप तैसाच ठेवून, मसलतीत शिरले. आणि बोलिले, "उत्तम, ह्ये काय चाललंय?"

उत्तमराव आदरे बोलिले, "तात्या, बसा. पाच फूट सात इंच उंची हाय त्येची. आजकाल कुठं चालतंय? आकडे बघा की."

हिंदुराव बोलिले, "त्येची उंची मला सांगू नको. त्येचं माप पंधरा वर्षं माझ्या वहीत हाय. तुझ्या मशीनला त्येची उडी दिसतीय काय? आन् दुसरं सांगतो. आपली पोरं रोज सांजच्याला त्येच्यावरच फटके मारत्यात. कुणाचा पाय कुठं वळतोय, त्येला झोपेत ठावं हाय. असला माणूस भायेर सोडायचा नसतोय."

तेव्हा उत्तमराव "बघू" म्हणाले, आणि कारभारात बघू म्हणजे जाहले ऐसे समजावे. चौथे दिवशी शाल-नारळ दिधला. शाल उत्तम होती. अकबराने ती घेतली, सर्वांस रामराम केला, आणि आपले हातमोजे खुंटीवरून काढून नेले. आठ दिवस गेले आणि जासुदांनी खबर आणिली की आकाशी पेठेने त्यास सन्मानाने नेऊन आपले किल्ल्यावर बसविले. राज्यात फार गवगवा जाहला. हिंदुरावांनी मात्र त्या दिवसापासोन शिलाईयंत्रासमोर बसून एक वाक्य पाठ करण्यास आरंभ केला, की जेव्हा फौज हरेल तेव्हा उत्तमरावाचे तोंडावर म्हणावयाचे, ते वाक्य असे: चूक तुझी. पायाखाली यंत्र चाले आणि तोंडी हे वाक्य चाले, आणि गिऱ्हाईक आले म्हणजे दोन्ही थांबत.

मग माघमासी एके दुपारी खुद्द अकबर दुकानी आला आणि पिशवीतून एक वस्त्र काढून टेबलावर ठेविले. पाहतात तो आकाशी जर्सी. हिंदुराव मागे सरकले, जणू टेबलावर इंगळी ठेविली आहे. अकबर बोलिला, "मास्तर, डावी बाही हातमोज्यावर घसरतीया. पाऊण इंच आत घ्यायची हाय."

हिंदुराव बोलिले, "गावात दुसरा शिंपी न्हाई काय?"

"हाय की. पण त्येला सांगायला लागंल, हात कसा आखूड झाला त्ये. तुमास्नी सांगायला लागत न्हाई."

आणि खरेच सांगावयास लागत नव्हते. एकोणिसावे वर्षी राखीव फौजेत असता याच पेठेसाठी, जांभळ्याच वस्त्रात, खांबावर आदळून तो हात मोडिला होता आणि सांधताना पाऊण इंच हरवला होता. इस्पितळात त्यास हिंदुरावांनीच आपले स्कूटरीवरून नेले होते. तरी हिंदुराव मान हालवीत राहिले, की ह्या हातांनी गनिमाचे वस्त्रास सुई लावणे होणार नाही. तेव्हा पडद्यामागे भाजी निवडीत असलेल्या सुगंधाबाई न उठता बोलिल्या, "अहो, त्याचा हात मोडला तवा तो कुणासाठी मोडला हुता, त्येवढं सांगा आन् मग नको म्हणा." मग हिंदुरावांनी दुकानाचे एक दार ओढून घेतिले, आणि तोंड भिंतीकडे करून, रंगाकडे न पाहता केवळ शिवणीकडे पाहोन, दहा मिनिटांत ती बाही पाऊण इंच आत घेतली. आणि अकबरास बजाविले, की कोणास सांगू नको. अकबर बोलिला, "मी कशाला सांगतोय? मलाबी तिकडं ऱ्हायाचं हाय."

पुढे फौजेने मोसमभर पराक्रम केला. आग्नेलही वाईट निघाला नाही, उंच चेंडू तो अंगणातील पेरू तोडावा तैसा सहज घेई, परंतु हिंदुरावांस त्याचे काहीएक पसंत पडेना. गोल वाचविला तर म्हणत, उंची हाय म्हणून वाचला. गोल जाहला तर म्हणत, अकबर असता तर. असे करीत फौज सेमीफायनलीस पोचली आणि चिठ्ठी निघाली ती आकाशी पेठेचीच. फाल्गुन वद्य नवमी, रविवार, चार वाजता लढाई नेमिली. दुपारी दोनपासोन गॅलऱ्या भरल्या, एकीकडे जांभळे, एकीकडे आकाशी, मध्ये पोलीस. आणि शिट्टी वाजली आणि एकच गर्दी जाहली. पूर्वार्धी आपण एक गोल केला, उत्तरार्धी त्यांनी एक केला, आणि वेळ सरली तरी फैसला होईना, मग टायब्रेकर, म्हणजे दोन्ही फौजांचे पाच-पाच असामींनी एकेकट्याने किल्लेदारासमोर उभे राहोन फटका मारावा, ऐसे ठरले. हिंदुरावांनी गॅलरीची कड दोन्ही हातांनी धरिली. आपला पहिला फटका गोल. त्यांचा पहिला गोल. आपला दुसरा अकबराने पायाने अडविला, त्यांचा दुसरा गोल. आपला तिसरा गोल, आणि त्यांचा तिसरा आग्नेलने असा झेप घेऊन काढिला की जांभळी गॅलरी हालली. चौथे दोन्हीकडे गोल. तीन-तीन जाहले आणि आपला पाचवा फटका मारण्यास सेनापती ऋतुराज पुढे जाहला.

ऋतुराजाने चेंडू ठेविला, चार पावले मागे आला, आणि उजव्या कोपऱ्याकडे पाहिले. जेव्हा तो उजवीकडे पाहतो तेव्हा त्याचा फटका डावीकडे जातो, हे ऋतुराजाविषयी जगात दोघांसच ठाऊक होते, एक स्वतः ऋतुराज आणि दुसरा, ज्याने आठ वर्षे रोज सायंकाळी त्याचे फटके अडविले तो. अकबर तिळभर हालला नाही. चेंडू सुटला, आणि अकबर त्याच अंगास आडवा हवेत गेला, आणि तोच आखूड हात लांबवून बोटांचे टोकांनी चेंडू खांबाबाहेर ढकलिला. मैदानी निम्मे लोक ओरडले, निम्मे गप्प जाहले. आणि त्या गप्प जाहलेल्या जांभळ्या गॅलरीत, तिसरे पायरीवर, टाळी वाजली. एक, दोन, तीन. लोकांनी वळोन पाहिले तो टाळ्या वाजविणारे हिंदुराव जरग, डोळ्यांत पाणी, आणि आपण काय केले हे त्यांस स्वतःस शेवटी कळले. मग गनिमाचा पाचवा फटका आला, आग्नेलचे बोटास लागला, आणि बोटास लागोनही आत गेला. चार-तीन. शिकस्त जाहली. जांभळी निशाणे गुंडाळिली आणि लोक बेदिल होऊन, चपला घाशीत, घरोघर गेले.

दुसरे दिवशी सायंकाळी तालमीत दरबार भरला. दोनशे असामी होत्या आणि हिंदुरावांस मध्ये उभे केले. उत्तमरावांचे डोळे तांबडे, सदरा कालचाच. ते बोलिले, "तात्या, टाळ्या वाजवल्या काय?"

"वाजवल्या."

"किती?"

"तीन. पयल्या दोन, त्या हातांनी आपसूक वाजवल्या. तिसरी मी वाजवली."

दरबारात कुजबूज जाहली. त्यावर हिंदुरावांस वाटले की अर्धे सांगोन उभे राहणे बरे नाही, म्हणोन त्यांनी बाहीचेही वर्तमान सांगितले, पाऊण इंचासकट. कोणी मागून म्हणाले, "ह्ये तर लईच झालं." मग उत्तमरावांनी कागद उचलिला आणि म्हणाले, तात्यांचे मागाहून बघू, आधी हुकूम वाचितो. हुकूम ऐसा की, पराभवास जबाबदार धरोन आग्नेल फुर्ताद यास आजपासोन बडतर्फ करावे. आग्नेल दाराशीच उभा होता, बॅग पायाशी, कारण त्यास खबर आधीच लागली होती. तो एवढाले देहाचा मनुष्य दाराचे चौकटीस टेकून ऐसा उभा होता की आपण कोणाचे वाटेत येऊ नये. त्याचे उजवे हाताचे बोट, ज्यास शेवटचा चेंडू लागला, ते सुजून पट्टीत बांधिले होते. हिंदुरावांची नजर त्या बोटावर गेली आणि तेथेच राहिली. आणि ज्यांनी मोसमभर त्याचे एक धड बोलिले नव्हते, ते हिंदुराव, स्वतः आरोपी असता, बोलिले, "थांब उत्तम. एक गोलकीपर घालवला, म्हणून हरलो. आता दुसरा घालवून कुणाला जिंकणार हायस? त्या पोरानं तिसरा फटका काढला, तवा तूच पयला उभा ऱ्हाऊन नाचला हुतास. म्या बघितलंय."

उत्तमरावांनी कागद टेबलावर आपटिला. "मग चूक कुणाची, तात्या? तेवढं सांगा."

चार महिने पाठ केलेले वाक्य जिभेवर येऊन बसले. हिंदुरावांनी ते म्हटले, परंतु जैसे घोकिले होते तैसे ते निघाले नाही. ते हळू बोलिले, "तुझी चूक. अकबरला सोडलास ती. आन् माझीबी हाय. आपला सेनापती तोंड पाडून उभा असताना तिसरी टाळी वाजवली, ती माझी. पण ह्येची न्हाई. ह्येचं बोट सुजलंय."

उत्तमरावांनी खाली पाहिले, मग वर पाहिले, मग एकदम खुर्चीत बसले आणि तोंड दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "मला रात्रभर झोप न्हाई, तात्या. तो आकडा दिसतोय सारखा. पाच फूट सात." हिंदुरावांनी पुढे जाऊन त्यांचे खांद्यावर हात ठेविला. मग उत्तमरावांनी हुकूम चार तुकडे केला, आग्नेलास म्हणाले, "बॅग आत ठेव," आणि चहा सांगितला. आग्नेलने बॅग आत ठेविली आणि सर्वांस विचारिले, की अकबरभाईंनी तो कोपरा कैसा ओळखिला, ते मज कोणी सांगेल काय. त्यावर ऋतुराजाने मान खाली घातली आणि प्रथमच सर्व दरबार हसला.

तथापि फितुरी ती फितुरी, शिक्षा देणे प्राप्त. चहा जाहल्यावर उत्तमरावांनी निवाडा दिधला की हिंदुराव जरग यांनी येता संपूर्ण मोसम प्रत्येक सामन्यास खुद्द मुख्य कारभाऱ्याचे शेजारी बसावे, म्हणजे त्यांचे हातांवर नजर राहील. हिंदुरावांनी शिक्षा मान्य केली. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरी तिचा अंमल जाहला, आणि हिंदुरावांनी शेजारी बसोन नव्वद-नव्वद मिनिटे, हाफ टाइमासह, प्रत्येक असामीविषयी आपले मत उत्तमरावांचे कानी घातिले.

येणेप्रमाणे वर्तमान. ते साली फौज पुन्हा सेमीफायनलीसच हरली, आग्नेल किल्ल्यावर कायम आहे, अकबर आकाशी पेठेतच आहे, आणि सामना संपताच उत्तमराव व हिंदुराव एकाच स्कूटरीवरून रेफ्रीस बोल लावीत घरी आले. शिक्षा दोघांपैकी कोणास जाहली, याविषयी राज्यात दोन मते आहेत. लिहिणारास जे दिसले ते लिहिले, अधिकउणे वाचणाराने आपले पेठेप्रमाणे लावून घ्यावे.