म्हाबळूमामाची सुमन

आधी म्हाबळूमामाचं नाव घेतो, मग पुढचं सांगतो. नाव पूर्ण म्हाबळेश्वर, पण तसं कोणी म्हणत नाही. बेळगावच्या पुढं, रामनगरच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ आहे, आणि स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांत तो आणि मामी राहतात. ही दोन माणसं भेटली नसती तर मी आज कुठं असतो, हे मला खरंच सांगता येत नाही.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सोडली. रस्त्याच्या कामावर डंपर चालवायला म्हणून तिकडं इतक्या लांब गेलो. काम बंद पडलं, बाकीचे आपापल्या गावी गेले आणि मी तेवढा स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिलो. कोणत्या तोंडानं घरी जावं हे सुचत नव्हतं. कानडी येत नव्हती, कोकणी कळत नव्हती, तिथली मराठीसुद्धा मला अर्धीच लागायची. समोरून एक पांढऱ्या मिशांचा माणूस आला, गळ्यात कॅमेरा. त्यानं थांबून माझ्या पिशवीचा फोटो काढला, मग माझा काढला, आणि मग विचारलं, "गाडी चालवतंस काय गा?"

फोटो आधी, बोलणं नंतर, अशी मामाची रीत. नाव विचारलं तेव्हा मी सोमनाथ म्हणून सांगितलं, पण त्याचा उपयोग झाला नाही. मामा माणसाला गावाच्या नावानं हाक मारतो. दुकानात गर्दी झाली की म्हणतो, "खानापूर, मागं सर. लोंढा, तू बस खुर्चीवर. केस सारखे कर." मी त्या दिवसापासून परभणी झालो. परभणीला राहायला खोली मिळाली, मामीच्या हातचं जेवण मिळालं, आणि मामाची जुनी व्हॅन चालवायचं काम मिळालं.

काम सोपं वाटलं होतं. लग्नाची ऑर्डर असेल तिथं न्यायचं, आणायचं. पण मामाला घेऊन रामनगरहून जोयड्याला पोचायला किती वेळ लागेल हे कोणालाच सांगता येत नाही. वाटेत तो कधी "थांब" म्हणेल याचा नेम नसतो. रस्त्याकडेला भिरंडं, म्हणजे आपली कोकमं, वाळत घातलेली दिसली की थांब. बसच्या टपावर गादी, गादीवर बांधलेली सायकल, की थांब. मला वळणावर गाडी थांबवायची भीती. मागून ट्रक येईल, पोलिस येईल, आपली कागदं बरोबर असतील की नाही, हेच डोक्यात. मामा मात्र रस्त्यात गुडघ्यावर बसलेला.

गणेशगुडीला नदीवर लोक रबरी होड्यांतून ओरडत जातात. सगळे त्यांचे फोटो काढतात. मामानं काढला तो काठावर सगळ्यांचे चष्मे आणि मोबाइल मांडीवर सांभाळत बसलेल्या एका म्हाताऱ्याचा. धरण बघायला लोक पाण्याकडं तोंड करून उभे राहतात, मामा त्यांच्याकडं तोंड करून उभा.

जोयड्याजवळच्या एका लग्नात तर वादच झाला. अल्बम आला तेव्हा नवरा-नवरी सुरुवातीला होती, आणि पुढची सगळी पानं भाताच्या पातेल्याजवळ पाय पसरून बसलेल्या नवरीच्या आत्याची. नवरीचे वडील अल्बम घेऊन दुकानात आले. म्हणाले, "मामा, लगीन कुणाचं होतं?"

मामा म्हणाला, "तुमची भन जन्मात कधी बसलेली बघितलीसा? मी तीस वर्सं बगतोय. उभीच. त्या दिवशी बसली. परत बसंल काय?"

त्या गृहस्थांनी अल्बम परत उघडला. मग म्हणाले, "हिची एक मोठी कॉपी करून द्या."

हे सगळं चालायचं, पण मला छळत होतं ते दुसरंच. पहिल्याच आठवड्यात, बसथांब्याच्या खांबाला कोणीतरी विसरलेली छत्री लटकत होती, तिचे मामानं पाच-सहा फोटो काढले. मी विचारलं, "मामा, हे कोणासाठी हो?"

मामा लांब डोंगराकडं बघत म्हणाला, "सुम्ने."

आमच्याकडं सुमन नावाच्या बाईला हाक मारायची तर अशीच मारतात. ए सुमने. मी गाडी सुरू केली. मोठ्या माणसाच्या आयुष्यात एखादी सुमन असू शकते, आपण कोण विचारणार.

पण मग ती जागोजागी निघायला लागली. भिरंडांचा फोटो कोणासाठी? सुम्ने. गादी बांधलेल्या बसचा? सुम्ने. जोयड्याच्या चहावाल्यानं विचारलं, "मामा, आज हिकडं कुणाकडं?" मामा म्हणाला, "सुम्ने." चहावाला हसला आणि बशी पुढं केली. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं आणि मी तिच्याकडं जाणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर होतो. ती राहते कुठं, हेच मला कळत नव्हतं. आम्ही सुमनसाठी इतके हिंडायचो आणि सुमनच्या दारात गाडी कधीच थांबत नव्हती.

घाम फुटला तो एका दुपारी. आम्ही उशिरा घरी आलो, मामीनं विचारलं, "कुटं गेलतासा?" मामा तोंडावर म्हणाला, "सुम्ने." मी ताटाकडं बघत राहिलो. मामी एवढंच म्हणाली, "बरं. हात धुवा, आमटी गार व्हतीया." मला वाटलं, काय बाईचं काळीज आहे. त्या दिवशी मला दोन घासांच्या पुढं जेवण गेलं नाही, आणि मामीनं मला ताप आला म्हणून काढा दिला.

असे चार महिने गेले. मग माझ्या मावसभावाचा फोन आला. चाकणच्या एका कंपनीत कामगारांची बस चालवायची पक्की नोकरी होती. अर्जाला चार पासपोर्ट फोटो लागणार होते, आणि कागद महिनाअखेरच्या आत पोचले पाहिजेत. आईनं फोन हातात घेऊन सांगितलं, "सोमा, आता एका जागी टेक बाबा." मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं झालं की," आणि लगेच निळा पडदा सोडून मला खुर्चीवर बसवलं. "हनवट खाली. परभणी, श्वास घे, मरशील."

फोटो तर काढला. पण मिळेना. पहिल्या दिवशी शाई संपली होती. दुसऱ्या दिवशी कागद ओलावला होता. तिसऱ्या दिवशी करंट नव्हता, आणि डोक्यावर पंखा फिरत होता. चौथ्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत त्याच प्रिंटरमधून एका बाईचे आठ फोटो बाहेर आले.

"मामा, शाई आली वाटतं."

"ती येगळी शाई."

बाजारात फोटोचं दुसरंही दुकान आहे. पण मामाच्या घरात जेवून दुसऱ्याच्या खुर्चीवर जाऊन बसायचं, हे माझ्यानं होत नव्हतं. महिना संपत चालला होता. मावसभाऊ रोज फोन करायचा. आपलं काय चुकलं म्हणून मामा असं करतोय, हे मला समजत नव्हतं.

त्याच आठवड्यात जोयड्याच्या पुढं जंगलातल्या एका वाडीवर गेलो. तिथं देवकीआज्जी एकटी राहते. आम्ही गेलो की गुळाचा कोरा चहा देते. तिनं दरवेळेसारखं विचारलं, "माजा फोटू आनलास?" मामा म्हणाला, "पुढल्या खेपेला, आज्जी." ती म्हणाली, "चार येळा त्येच सांगतंस. मी डोळं मिटायच्या आदी दे म्हंजे झालं." मामा म्हणाला, "मग तेवढं ऱ्हा की." आणि मी पाण्याची बाटली काढायला मामाची पिशवी उघडली, तर आत पाकिटात देवकीआज्जीचा फोटो होता. छापलेला, कडा कापलेला. मी पिशवी बंद केली. मला वाटलं, आता हा माणूस आज्जीचा फोटोसुद्धा आधी सुमनला दाखवणार.

दुसऱ्या सकाळी व्हॅन दुरुस्तीला होती, म्हणून मामा एका ऑर्डरसाठी बसनं गेला. मामी विळीवर नारळ खवत होती. विळीवर बसलेल्या बाईला असं काही सांगावं की नाही याचा मी विचार केला, आणि जरा लांब बसून सांगितलं.

"मामी, तुमच्या घरचं खाल्लंय, म्हणून लपवणं बरं वाटत नाही. ते सुमनबाईंचं."

"कोन सुमन?"

"ज्यांच्यासाठी मामा फोटो काढतात. तुमच्यासमोर नाव घेतात तरी तुम्ही काही बोलत नाही."

मामीनं नारळ खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. मग तिच्या खांद्यांना जे हसू सुटलं ते थांबेना, खोबऱ्याचा कीस पदरावर सांडला. "आरं लेकरा," ती म्हणाली, "सुम्ने म्हंजे कानडीत उगीच. असंच. काय कारन न्हाई त्ये. बाई न्हवं ती."

मी चार महिने एका शब्दावर संशय घेत होतो, आणि त्याच्यापायी काढा प्यायलो होतो.

मामीनं डोळे पुसले. हसून पुसले की कशानं ते कळलं नाही, कारण आवाज बदलला होता. "पन ह्ये उगीच म्हनत्यात त्ये बी खरं न्हाई. आमचा ल्योक बेंगळूरला गेला तवा घरातले सगळे फोटू मागितलान. लहानपनाचे, लग्नाचे, सगळे. ह्यांनी एका राती बसून छापून दिले. पोरगा पेटी भरून घेऊन गेला. न्यायचं काय उरलंच न्हाई, मग यायचं कशाला? 'या' म्हनून आमाला बोलावणं बी न्हाई त्याचं. तवापासनं ज्याच्याकडं परत जावं वाटतंय, त्याचा फोटू ह्ये देत न्हाईत. देवकीआज्जीचा ठेवलाय. ज्यानं परत यावं वाटतंय, त्याचा बी."

तिनं नारळ परत हातात घेतला. मला उमज पडायला थोडा वेळ लागला. मग पंखा फिरत असताना करंट का नव्हता हे समजलं.

दुपारच्या बसनं मामा आला. मी दुकानात गेलो. तो लेन्स पुसत होता.

"मामा, फोटो सावकाश द्या. मी कळवतो त्यांना, मला यायला जमत नाही म्हणून."

मामानं लेन्स पुसायचं थांबवलं. "आईला काय सांगशील?"

"सांगीन कायतरी."

त्यानं लेन्स खाली ठेवली. मग उठून प्रिंटर चालू केला. कागद घातला, माझे आठ फोटो बाहेर आले. त्यानं ते पट्टी लावून, एकेक कड बघून कापले, पाकिटात घातले. मला म्हणाला, "टेक म्हनालीया न्हवं का आई. मग टेक."

दोन दिवसांनी मामा आणि मामी मला सकाळच्या बेळगावच्या बसवर सोडायला आले. मामीनं भाकऱ्या दिल्या. मामानं खिडकीतून माझा फोटो काढला नाही, पहिल्यांदाच कॅमेरा दुकानात ठेवून आला होता. बस निघाल्यावर मी पाकीट उघडलं. सात फोटो होते. मी पुन्हा मोजले, पाकीट झटकून बघितलं. मग मामाला फोन लावला.

"एक कापताना बिघडला गा," मामा म्हणाला. तीस वर्षं फोटो कापणाऱ्या माणसाच्या हातून. "ऱ्हाऊ दे हितंच. पुढल्या खेपेला ने."

आता मी चाकणला कंपनीची बस चालवतो. नोकरी पक्की झाली आहे. मामाला दर रविवारी फोन करतो, तो फोटोचं काही बोलत नाही, मीही बोलत नाही. त्या दोघांनी माझ्यासाठी जे केलं ते फिटायचं नाही, आणि मला गाडी चालवण्यापलीकडं काही येतही नाही. पण पुढच्या वर्षी रजा मिळाली की मी स्वतः गाडी घेऊन रामनगरला जाणार आहे. मामा-मामीला मागच्या सीटवर बसवून बेंगळूरला त्यांच्या लेकाच्या दारात नेणार आहे, आणि त्यांचं आतलं बोलणं होईपर्यंत खाली गाडीत बसून राहणार आहे.